जमादारकाकांचे पंचनामे

आमच्या गल्लीत मिक्सर बंद पडला की तो आधी मिस्त्रीकडे जात नसे, जमादारकाकांकडे जात असे. इस्त्री, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची वाट तीच. काका वस्तू दुरुस्त करत नाहीत हे नव्या भाडेकरूंना समजायला थोडा वेळ लागायचा. वस्तू उघडायची, आत काय काय आहे ते बघायचं, ती कशानं गेली ते शोधायचं आणि लिहून काढायचं, इथवरच त्यांचं काम. "तपास माहा, दुरुस्ती मिस्त्रीची," असं सांगून ते निघालेले सगळे स्क्रू कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरत आणि डबी दोऱ्यानं वस्तूला बांधून परत देत.

पोलिसात उभी हयात घालवून ते हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे उंद्रीकडचे, पण काकूंचं माहेर देऊळगाव राजाचं, म्हणून घर इथं बांधलं. काकू म्हणायच्या, घर माझ्या माहेरी आहे म्हणून मला कुठं रुसून जायची सोय उरली नाही. नोकरीतली बरीच वर्षं काका ठाण्यात रायटर होते. म्हणजे चोर दुसऱ्यांनी पकडायचा आणि तो कोणत्या खिडकीतून आला, खिडकीला गज किती, हे काकांनी लिहायचं. अक्षर सुरेख. बोलणं मात्र पक्कं उंद्रीचं, आणि ते देऊळगावात इतकी वर्षं राहूनही त्यांनी बदललं नाही.

निवृत्त माणसं बागकाम करतात, देवळात जाऊन बसतात, नाहीतर चौकात बसून सरकार चालवतात. काकांना यातलं काही जमलं नाही. घरचा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी तो ओट्यावर आणला, सवयीनं त्याच्याभोवती खडूनं गोल काढला आणि कागद घेऊन लिहायला बसले. तो पहिला पंचनामा मी वाचला आहे. ‘आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर मिक्सर पांढरट रंगाचा असून उभ्या स्थितीत मिळून आला. त्याच्या उत्तरेस भिंत व दक्षिणेस पिण्याच्या पाण्याचा माठ आहे. अंगावर हळदीचे जुने डाग असून झटापटीच्या खुणा नाहीत.’ पुढं दीड पान आतल्या भागांचं वर्णन होतं. काकांना एकाही भागाचं नाव ठाऊक नव्हतं, त्यामुळे ‘तांब्याची तार गुंडाळलेला वाटोळा भाग’ आणि ‘कोळशासारखा काळा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा, झिजलेला’ अशी वर्णनं होती. मिस्त्रीनं ते वाचलं आणि उघडून न बघताच नवा कार्बन काढून हातावर ठेवला. त्या दिवसापासून काकांची गल्लीत पत वाढली.

पंच म्हणून दोन माणसं लागत. एक मी, कारण मी समोरच राहतो आणि हायस्कुलात गणित शिकवतो, म्हणजे काकांच्या हिशेबानं प्रतिष्ठित. दुसरे कोपऱ्यावरचे किराणावाले मोतीशेठ. आम्हाला नुसतं बसून चालायचं नाही. प्रत्येक भाग निघाला की तो हातात घेऊन बघावा लागे, वास घ्यावा लागे. घरच्यांचे जबाब आधी व्हायचे. वस्तू चालू असताना शेवटची कोणी पाहिली, तेव्हा आवाज कसा होता, जळका वास आला का. या जबाबात एक शब्द चालत नसे, तो म्हणजे ‘आपोआप’. कोणी म्हणालं की पंखा आपोआप बंद पडला, की काका पेन खाली ठेवत आणि त्या माणसाकडे असे बघत की त्यानंच पंख्याला काहीतरी केलं असावं. "आपोआप कोनी मरत नाही," एवढंच ते म्हणत, आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होत.

वस्तू उघडण्यात त्यांना आनंदही फार व्हायचा, हे सांगायला हवं. आमच्या घरचा मान फिरवणारा टेबलफॅन दोन दिवस त्यांच्या ओट्यावर उघडा पडून होता. मोटर कशी फिरते याचं त्यांना कौतुक नव्हतं, पण तीच मोटर पंख्याची मान डावी-उजवी कशी करते हे त्यांना बघायचं होतं. मोटरच्या मागच्या टोकाला आटे, त्या आट्यांत अडकलेलं एक छोटं दातेरी चाक, चाकाला दांडी, आणि दांडीनं ओढली जाणारी मान. ते त्यांनी बोटानं फिरवून फिरवून पाहिलं, मग काकूंना हाक मारून दाखवलं, मग मला, मग रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमनला. काकू आत जाता जाता मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी मान हलवून राह्यले, ती कशी हलते ते काही पाह्यलं नाही यायनी." काकांनी ते ऐकलं, आणि पंचनाम्यात नसली तरी त्या ओळीवर ते संध्याकाळपर्यंत हसत होते.

गल्लीतल्या बायकांना काकांचं मोल कळलं ते वेगळ्या कारणानं. आमच्याकडे घरातली वस्तू बिघडली की आधी माणूस ठरतो, मग कारण. आणि माणूस बहुतेक वेळा सून असते. तिच्या हाताला बरकत नाही, तिच्या माहेरी कधी मिक्सर पाहिला होता का, इथपासून ते तिच्या आईपर्यंत गोष्ट जाते. काकांच्या लिहिण्यामुळे कारण आधी येऊ लागलं. ‘सदर वायर उंदराने कुरतडली असून दातांच्या खुणा स्पष्ट आहेत’ असं दोन पंचांच्या सह्यांनिशी लिहून आलं की सासूला उंदरावर रागवण्यावाचून इलाज राहत नसे. पुढं पुढं सुनाच पदराखाली वस्तू घेऊन येऊ लागल्या.

काका चुकतही. एकदा एका घरचा मिक्सर आला, सुनेनं वाळलेलं हळकुंड दळायला घातल्याचा आरोप. खडूचा गोल झाला, जबाब झाले, सगळे भाग ताटात मांडून झाले, मृत्यूचं कारण ‘अतिश्रम’ असं ठरलं, आम्ही सह्या केल्या. भाग नुसते आत बसवून काकांनी मिक्सर उचलला तेव्हा त्यांचं बोट खालच्या एका लाल बटणावर दाबलं गेलं. वायर कोणीतरी मधेच सॉकेटमध्ये घातली होती आणि पुढचं बटण चालूच राहिलं होतं. मयत मिक्सर काकांच्या हातात असा गरजला की मोतीशेठ ओट्यावरून खाली उतरले. जास्त ताण पडला की ते बटण स्वतःच बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो, ते आत दाबलं की झालं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. काकांनी पंचनामा फाडला नाही. खाली ओळ घातली, ‘मयत जिवंत आढळून आले’, आणि आमच्याकडून पुन्हा सह्या घेतल्या.

माझीही अब्रू त्यांनी अशीच घेतली आहे. आमची इस्त्री बंद पडली तेव्हा मी बायकोला बोललो होतो. काकांनी इस्त्री उघडली. वायर आत शिरते तिथं वरचं आवरण भाजून तडकलेलं होतं आणि आतली तार तुटलेली. ही वायर गरम इस्त्रीभोवती कोण गुंडाळतं, असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. ‘सदर सवय पंच क्रमांक एक यांना आहे,’ अशी ओळ काकांनी लिहिली आणि त्याखाली पंच क्रमांक एक म्हणून मलाच सही करावी लागली. बायकोनं त्या कागदाचा फोटो काढून ठेवला आहे, आणि तो माझ्या सासुरवाडीला सगळ्यांनी पाहिला आहे.

मग एका दिवाळीच्या आधी माळा आवरताना माझ्या आईचा जुना पितळी स्टोव्ह सापडला. पंप मारायचा, पिन मारायची, तो. मला वाटलं, काकांना यापेक्षा मोठी भेट नाही. चिंचेनं घासून चकचकीत करून मी तो त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणालो, "उघडा." काकांनी खडू उचलला. गोल मात्र काढला नाही. खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हे घेऊन जा, मास्तर." एवढंच. मी स्टोव्ह उचलून घरी आलो आणि दिवसभर विचार करत राहिलो की माझं काय चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती, असं त्यांनी सांगितलं. एका गावात एक सून जळून गेली. घरच्यांनी सांगितलं, स्टोव्हचा भडका उडाला. अंगणात गावची वजनदार माणसं बसली होती, साहेबांना घाई होती. काका रायटर. स्टोव्ह स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा होता. तो उघडून बघायला हवा होता, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. टाकीत तेल आहे का, बर्नर कसा आहे. साहेब म्हणाले, लिही. यांनी लिहिलं, ‘स्टोव्हचा भडका उडून’. बाहेर पडताना त्या मुलीचा भाऊ दारात उभा होता, विशी-बाविशीचा. त्यानं यांना विचारलं, साहेब, तुम्ही नीट पाहिलं ना. हे हो म्हणाले.

"कदाचित भडकाच उडला असन," काका म्हणाले. "कदाचित दुसरं काही झालं असन. मले आजही मालूम नाही, मास्तर. झाकन फिरोवलं असतं त समजलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं."

इतक्या वर्षांनी आता काय होणार, असं काहीतरी मी म्हणालो. काका म्हणाले, काही होणार नाही, पण तो भाऊ अजून आहे, मेहकरच्या बाजूला शेती करतो, आणि त्याच्याजवळ आपला एक ‘हाव’, म्हणजे तेव्हा दिलेला तो ‘हो’, पडून आहे. तेवढा परत आणायचा आहे. दोन वेळा ते बसस्टँडपर्यंत गेले होते आणि गाडी लागलेली बघून परत आले होते. इतरांच्या मिक्सरमागे दिवसदिवस बसणाऱ्या या माणसाला मी तोवर नुसता हौशी समजत होतो. त्या दुपारी मला माझीच लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात गजाननच्या घरचं प्रकरण झालं. गजानन आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, आठवडी बाजारात कपड्यांचं दुकान लावतो. घरात आई कौतिकाबाई, बायको रूपाली आणि वर्षाचं बाळ. मे महिन्यात दुपारी कौतिकाबाईंनी पत्र्याच्या कुलरला हात लावला आणि त्यांना असा झटका बसला की त्या खोलीच्या दुसऱ्या भिंतीला जाऊन पडल्या. जीव वाचला. दोन दिवस दवाखान्यात काढून घरी आल्या त्या एकच वाक्य घेऊन, सुनेनं मले मारायले कुलर लावला. रूपालीनं त्याच्या थोडाच वेळ आधी कुलरमध्ये पाणी ओतलं होतं, आणि ते शेजारणीनं पाहिलं होतं. गजानन आईपुढं बोलणाऱ्यांतला नव्हता. रूपालीच्या वडिलांना जालन्याकडे फोन गेला, पोरीला घेऊन जा. ते चारच्या गाडीनं येणार होते. असं एकदा माहेरी पाठवलेल्या सुनेला कधी परत आणतील, हे कोणी सांगत नव्हतं. बाळ कोणाकडे राहणार, यावर आतल्या खोलीत बोलणं सुरू झालं होतं.

रूपाली त्याच दिवशी सकाळी काकांकडे आली आणि कुलर उघडा म्हणाली. कौतिकाबाईंचीही हरकत नव्हती. त्यांनीच निरोप धाडला, की या जमादार, होऊन जाऊ द्या सोक्षमोक्ष. त्यांना स्वतःची बाजू पक्की वाटत होती. काकांनी आम्हा दोघा पंचांना घेतलं, घरात शिरताच मीटरजवळचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि खडू काढला.

स्वयंपाकघराच्या दारात रूपालीनं काकांना गाठलं. मी मागंच होतो. ती हळूच म्हणाली, "काका, मी पाणी ओतलं तेव्हा बटण चालू होतं. तेवढं लिहू नका. बाबा यायलेत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान हलवेल. एका मुलीचं घर एका ओळीवर अडलं आहे, आणि ते चालू बटण तिच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. काका म्हणाले, "लिवा लागन, बाई." मला त्यांचा इतका राग आला की मी निघून जाणार होतो. मोतीशेठनी माझा शर्ट धरला.

कुलर उघडायला काकांनी तासभर घेतला. तीन बाजूंच्या गवताच्या ताट्या काढून भिंतीला टेकवल्या. पाणी भरायची बाजूची झडप उघडेना, कारण तिला लागून धान्याची कोठी उभी होती. म्हणून रूपाली वरून, ताटीच्या फटीतून कळशीनं पाणी ओतायची. ते लिहिलं गेलं. बटण चालू होतं, तेही लिहिलं गेलं, आणि काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा कौतिकाबाईंनी खाटेवरून सगळ्यांकडे पाहिलं. रूपाली बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग काकांनी खाली हात घालून पंपाची वायर ओढली. वायरला मध्ये जोड होता. जोडावर पट्टी गुंडाळलेली, पण ती विजेची काळी पट्टी नव्हती. दुधाच्या पिशवीची कापलेली पट्टी होती, वरून रबर लावलेला. पिशवीवरची निळी अक्षरं अजून दिसत होती. रबर उन्हानं सैल पडला होता, आतली तार उघडी होऊन पत्र्याला टेकली होती. वरून ओतलेलं पाणी बरोबर तिथंच यायचं. जमिनीत जाणारी हिरवी वायर तर बाहेरच तोडून टाकलेली होती, कारण घरातल्या बोर्डाला दोनच भोकं होती.

"हा जोड कोनी देला?" काकांनी विचारलं.

गजानननं उत्तर द्यायची गरजच नव्हती. दुधाच्या पिशवीच्या पट्ट्या कापून ठेवायची त्याची सवय सगळ्या गल्लीला माहीत आहे, बाजारातली गाठोडीही तो त्यांनीच बांधतो. काकांनी पेन टेकवलं तशा कौतिकाबाई खाटेवर उठून बसल्या.

"त्याचं नाव नोका लिवू, जमादार. जुनी वायर होती. आपोआप उघडी पडली असन."

काकांचं पेन थांबलं. खोलीत पंखा नव्हता, कुलर उघडा पडलेला, सगळ्यांच्या अंगाला घाम. मला काकांचा हात दिसत होता, तो कागदावर नुसता ठेवलेला होता. मग ते म्हणाले, "कौतिकाबाई, एकदा कोनाच्या म्हनन्यावरून मी एक ओळ सोडली. ते अजून माह्या मांगं हाये." आणि त्यांनी गजाननचं नाव लिहिलं, जोड त्यानं मागच्या उन्हाळ्यात दिला असं लिहिलं, पट्टी दुधाच्या पिशवीची असं लिहिलं. लिहून सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं, आणि विचारलं, यात कोणाला काही कमीजास्त करायचं आहे का. हे ते प्रत्येक पंचनाम्याला विचारत. आजवर कोणी काही सांगितलेलं मला आठवत नाही.

कौतिकाबाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाल्या, "पाय ओले माहे होते. मी न्हानीतून आल्ती. अन् कुलरचं तोंड लेकराच्या खाटेकडं होतं, ते मी माह्याकडं फिरवून राह्यली होती. तेही लिवा."

काकांनी मान वर केली नाही. त्यांनी ती दोन वाक्यं तशीच्या तशी लिहिली, ‘कौतिकाबाई यांनी स्वतः सांगितले’ असं पुढं घातलं. सह्या झाल्या. कौतिकाबाईंनीही खाली आपलं नाव लिहिलं, अक्षर अक्षर सुटं, वेळ लावून. चारच्या गाडीनं रूपालीचे वडील आले तेव्हा त्यांना कागद वाचायला दिला गेला. त्यांनी तो वाचला, चहा घेतला, बाळाला खेळवलं आणि सहाच्या गाडीनं एकटेच परत गेले. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. कोठी सरकवायला आम्ही चौघं लागलो.

त्यानंतर आठवडाभरानं काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले आणि शुद्धलेखन तपास म्हणाले. नेहमीसारखाच पंचनामा होता. गावाचं नाव, घराची दिशा, स्वयंपाकघरात काय काय होतं, स्टोव्ह कोणत्या कोपऱ्यात होता. शेवटी लिहिलं होतं, ‘सदर स्टोव्ह मी उघडून पाहिला नाही. पाहिला असे मी तिच्या भावास सांगितले, ते खरे नव्हे.’ खाली त्यांची एकट्याची सही. मी पेन काढलं आणि पंचाच्या जागी सही करायला गेलो. काकांनी कागद ओढून घेतला.

"तू होता का तिथं?"

मी नाही म्हणालो.

"मंग?" काका म्हणाले. कागद घडी घालता घालता पुढं म्हणाले, "त्या कौतिकाबाईनं आपल्या तोंडानं आपली ओळ घातली. तिले कोनी इचारलं नव्हतं. अन् मी पोलिसवाला असून इतकी वर्षं बसून राह्यलो."

ते मेहकरच्या गाडीनं गेले. संध्याकाळच्या गाडीनं परत आले तेव्हा मी स्टँडवरच होतो, म्हणजे मुद्दामच होतो. काकांचे पाय धुळीनं भरलेले होते, गाव रस्त्यापासून आत असावं. आम्ही चालत घराकडे निघालो. थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊन सांगितलं. भाऊ आता पिकल्या केसांचा झाला आहे. ओळखलं त्यानं. कागद हातात घेतला नाही, वाचून दाखवा म्हणाला. यांनी वाचून दाखवला. तो म्हणाला, पुन्हा वाचा. यांनी पुन्हा वाचला. मग तो म्हणाला, आई आज मावशीकडे हिवरा आश्रमाला गेली आहे, ती उद्या येते. उद्या या आणि तिच्यासमोर वाचा.

"माय जिती हाये, हे मले मालूम नव्हतं," काका म्हणाले.

घरी पोचल्यावर मी त्यांना म्हणालो की उद्या मी येतो बरोबर, शाळेला सुट्टीच आहे. ते नको म्हणाले. काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली, आग्रह करू नका.

जमादारकाका त्यानंतर दीड वर्ष जगले. त्या काळात कितीतरी वस्तू उघडल्या, मी कितीतरी सह्या केल्या, शेवटी दवाखान्यातही मी त्यांना पाहिलं. पण माझ्यापुरते ते मला शेवटचे दिसले ते त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. भाजी आणायच्या निमित्तानं मी स्टँडवर गेलो होतो. गाडी लागलेली होती. काका आधीच चढून खिडकीशी बसले होते, धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. मी हात केला, त्यांचं लक्ष नव्हतं. कागद वरच्या खिशात होता आणि तो त्यांनी बाहेर काढलेला नव्हता. तरीही त्यांचे ओठ हलत होते. मी दोन पावलं पुढं गेलो तेव्हा ऐकू आलं. ‘सदर स्टोव्ह मी उघडून पाहिला नाही,’ इथवर ते यायचे, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा ते तिसऱ्यांदा सुरुवात करत होते.